अडीचनंतरचे ग्रंथपाल

अडीच वाजले की आमचे ग्रंथपाल मनगटावरचं घड्याळ सोडायचे, टेबलाच्या खणात ठेवायचे, खण ढकलायचे आणि समोर जो कोणी असेल त्याला सांगायचे, "आता मी इथं नाही, बरं का."

एवढं सांगून झालं की ते तिथंच बसून राहायचे. पुस्तकं द्यायचे, घ्यायचे, सुटलेल्या पुठ्ठ्यांना खळ लावायचे, पोरांच्या भांडणात पंच व्हायचे. पाचची घंटा झाली की खण उघडून घड्याळ पुन्हा बांधायचे आणि कुलूप लावून खोलीवर जायचे.

कारण ते अर्धवेळ होते. शाळेची पटसंख्या एका ठरावीक आकड्याच्या पुढे गेली तर ग्रंथपालाचं पद पूर्णवेळ होतं, अलीकडे राहिली तर अर्धवेळ. आमच्या शाळेचा पट दरवर्षी जूनमध्ये त्या आकड्याच्या अगदी उंबऱ्यापर्यंत यायचा आणि दिवाळीनंतर मागे सरायचा. आटपाडी तालुक्यातली कितीतरी घरं सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी परराज्यांत असतात. आजीआजोबांपाशी ठेवलेली पोरं शाळेत येतात, जरा रुळतात, आणि दिवाळीला आईबाप न्यायला आले की दाखला काढून निघून जातात. पोर जायचं आणि त्याच्याबरोबर सरांचं पूर्णवेळ पदही जायचं. त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं अशीच गेली.

मी सांगलीची. गणित शिकवते. नोकरी लागली ती आटपाडीच्याही पुढच्या या गावात, आणि पहिला महिनाभर मी रोज संध्याकाळी खोलीवर जाऊन रडत असे. शिक्षकांच्या खोलीत माझ्यासाठी खुर्ची नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "करू काहीतरी." ते काहीतरी होईपर्यंत मी ग्रंथालयात बसू लागले. तिथं गेल्यावर कळलं की शिक्षकांच्या खोलीत ग्रंथपालांचीही खुर्ची नाही. ती कधीच नव्हती, आणि त्यांनी ती कधी मागितलीही नव्हती.

"अर्ध्या माणसाला पुरी खुर्ची कशी मागायची?" ते म्हणाले, आणि मला स्वतःची देऊन स्वतः स्टुलावर बसले.

ते मूळचे वाईचे. थोरले भाऊ तिकडे, हे इकडे एसटी स्टँडच्या मागे एका खोलीत. लग्न झालेलं नव्हतं. तरुणपणी दोन स्थळं आली होती म्हणे. दोन्ही ठिकाणी मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पूर्णवेळ कधी होणार?" यांनी दोन्ही ठिकाणी खरं सांगितलं, "पोरं टिकली तर." हा किस्सा ते हसत सांगायचे आणि ऐकणाराही हसायचा. मीही हसले आहे. पाचव्या-सहाव्यांदा ऐकला तेव्हा मात्र हसू आलं नाही.

डबा ते मधल्या सुट्टीत खात नसत. मधली सुट्टी पोरांची. सगळी शाळा वर्गात परतली की मग एकटेच बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचे. मी कधी रिकाम्या तासाला गेले की डब्यावर झाकण ठेवायचे आणि म्हणायचे, "या, या, माझं झालंच." झालेलं नसायचं. पहिले काही दिवस मला ते कळलं नाही.

तुमच्याही शाळेत ग्रंथपाल असतील, आणि पुस्तक परत करताना ते "वाचलंस का?" असं विचारत असतील. आमचे सर तसं कधीच विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "कुठवर आलास?"

पोरानं पानाचा आकडा सांगायचा. सर तो पुस्तकाच्या कार्डाच्या पाठीवर नावापुढे लिहून ठेवायचे. पुस्तक परत गेलं तरी आकडा राहायचा. पुन्हा सहा महिन्यांनी तेच पोर तेच पुस्तक न्यायला आलं की सर कार्ड उलटं करून सांगायचे, "तू सतरावर होतास. तिथनं पुढं चल." अर्धवट परत आणल्याबद्दल कोणाला रागावलेलं मी पाहिलं नाही.

"कुठवर आलास?"

"सर, पान आठ."

"मागच्या शुक्रवारी नऊवर होतास की रं."

"व्हय सर. पण समदं इसरलो, म्हनून एक पान मागं आलो."

"बरं केलंस," सर म्हणाले आणि खरोखरच आठ लिहिलं. हा समर्थ. आमच्या वर्गात तो गणितातही असाच मागे मागे यायचा, आणि मी काही "बरं केलंस" म्हणत नसे.

दुसरा ओंकार. त्याला कुठलंही पुस्तक दिलं की तो आधी ते हातात धरून वजन बघायचा. "सर, लय मोठं हाय ओ हे. चित्रं बी न्हाईत."

"मग अर्धं वाच. अर्धं वाचलं म्हणजे अर्धं वाचलंच की. ते काय कमी आहे?"

शिक्षकांना ही पद्धत म्हणजे लाडावून ठेवणं वाटायचं. मलाही वाटायचं. गणितात अर्धं उत्तर म्हणजे चूकच, निदान मी तसं शिकवत होते.

दाखला काढून जाणाऱ्या पोरांना पुस्तक परत करून सरांची सही घ्यावी लागे. सही केल्यावर सर एका चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि पान लिहायचे आणि ती चिठ्ठी पोराच्या खिशात घालायचे. "तिकडच्या शाळेत हे पुस्तक असलं तर इथनं पुढं वाच." एकदा एक मुलगी मदुराईकडे निघाली होती. आमचे शिपाईमामा दारातच उभे होते, त्यांना राहवलं नाही.

"आवं सर, तिकडं कुठनं मिळायचं मराठी पुस्तक?"

"मिळालं तर?" सर म्हणाले.

मामांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मुलीनं मात्र चिठ्ठी नीट घडी करून कंपासपेटीत ठेवली.

माझ्या त्या रडव्या महिन्यात सरांनी मलाही एक पुस्तक दिलं होतं. तपकिरी पुठ्ठ्याची कादंबरी, चांगली सव्वादोनशे पानांची. "एकटं असताना बरी सोबत होते," म्हणाले. शनिवारी सांगलीला जाताना मी एसटीत उघडली, थोडी वाचली, मग झोप लागली. पुढे शाळेत रुळले, मैत्रिणी झाल्या, खुर्ची मिळाली. कादंबरी कपाटात तशीच राहिली. सत्र संपताना परत दिली.

"कुठवर आलात?"

"संपली," मी म्हटलं. "छान आहे."

त्यांनी कादंबरी हातात घेतली, वरवर चाळली, "बरं" म्हणाले आणि कार्डाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं. मोठ्या माणसानं अर्धवट सोडलं असं पोरांच्या समोर कसं सांगायचं, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर त्या वेळी खोलीत पोरं नव्हतीच.

आता मुख्य गोष्ट सांगते, आणि ती माझ्या बाजूची नाही.

आमच्या वेळापत्रकात सहावी, सातवी आणि आठवीला आठवड्यातून एकदा ग्रंथालयाचा तास होता. नववी-दहावीला नव्हता, तिथं अभ्यास असतो. आता तुम्ही शिक्षक असाल तर तुम्हाला ठाऊक आहे की ग्रंथालयाचा तास हा कोणाचाच तास नसतो. ज्याचा धडा राहिला असेल त्यानं तो घ्यायचा. विज्ञानवाले घ्यायचे, इंग्रजीवाले घ्यायचे, पण सगळ्यांत जास्त मी. गणिताला कोण नाही म्हणणार? शुक्रवारी सकाळी ग्रंथालयाच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "सर, आठवीचा तास घेऊ का?" सर म्हणायचे, "घ्या की." मधल्या सुट्टीत हौशी पोरं यायचीच. पण सबंध वर्ग, पुस्तकाचं नाव काढलं की पळणारी पोरंसुद्धा, एकदम त्यांच्यासमोर बसायची ती त्या एका तासालाच. हे मला तेव्हा सुचलं नाही असं म्हणणार होते, पण सुचलं होतं. धडा संपवायचा होता, एवढंच.

सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. एप्रिलअखेर त्यांची नोकरी संपणार होती आणि आठवीचाही ग्रंथालयाशी संबंध त्याच महिन्यात संपणार होता. शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, ते शिक्षकांच्या खोलीकडे आले. आत आले नाहीत, दारात उभे राहिले. मी वह्या तपासत होते.

"मॅडम, या शुक्रवारचा आठवीचा तास तुम्हाला लागणार आहे का?"

"बरं झालं विचारलंत, सर," मी वर न बघता म्हटलं. "वर्तुळाचा धडा राहिलाय अजून."

"बरं," ते म्हणाले. "घ्या की मग."

थोडा वेळ ते दारात होते. मग गेले.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. विचारायची मीच. ज्या माणसानं जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही तो मागायचं झालं तर असंच मागणार. स्वतःला हवंय असं न म्हणता तुम्हाला नको असेल तर बघा, असं. मी त्यांच्याजवळ इतकी वर्षं बसलेली, माझ्या हे ध्यानात यायला हवं होतं. मला त्याची अजून लाज वाटते.

शुक्रवारी मी आठवीला जीवा आणि कंस शिकवले. आमच्या वर्गाच्या खिडकीतून मैदानापलीकडचं ग्रंथालय दिसतं. मध्येच सर दारात येऊन उभे राहिलेले दिसले. मी हात केला, त्यांनीही हात केला. मी पुन्हा फळ्याकडे वळले.

शनिवारी निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. मुख्याध्यापक पंधरा मिनिटं बोलले, त्यातली दहा पद मंजूर न होण्याबद्दल. सर उठले, म्हणाले, "मी इथं अर्धा वेळ होतो. उरलेला अर्धाही इथंच होतो. सांभाळून घेतलंत," आणि बसले. टाळ्या कुठे वाजवायच्या हे कोणाला कळलं नाही. दुपारच्या गाडीनं ते वाईला गेले. स्टँडवर पोचवायला एकटे मामा गेले होते.

जूनमध्ये शाळा उघडली. ग्रंथपालाचं पद भरलं जाणार नव्हतं. मुख्याध्यापकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुमचा तिथं राबता होता, मॅडम. तुम्हीच बघा आता."

कुलूप गंजलेलं नव्हतं, दीड महिन्यात काय गंजणार. पण दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. जमिनीवर दोन्ही सतरंज्या अंथरलेल्या होत्या. त्यांच्यावर पुस्तकं मांडलेली होती, हारीनं, वर्ग बसतो तशी. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी. सगळ्यावर उन्हाळ्याची धूळ.

मी खाली बसले आणि पहिली चिठ्ठी काढली. हजेरी क्रमांक एक. पुढे दोन, तीन. सरांनी आठवीचा अख्खा वर्ग हजेरीपटाप्रमाणे बसवला होता. "समर्थ : पान ८ पासून. ९ नव्हे." "ओंकार : चित्रे आहेत. तरी अर्धे वाचावे." "अनुजा : शेवट दुःखाचा आहे, बेताने वाचणे." ज्याचं जिथं राहिलं होतं ते तिथून पुढे, आणि ज्यांनी वर्षभर एकही पुस्तक नेलं नव्हतं त्यांच्यासाठी नव्यानं निवडलेलं. हजेरीत मध्ये मध्ये लाल रेघेनं खोडलेली नावं होती, दिवाळीला निघून गेलेल्या सात पोरांची. त्यांच्याही जागी पुस्तकं होती. त्या चिठ्ठ्यांवर नाव आणि पान होतं, आणि खाली लिहिलं होतं, "पत्ता मिळाल्यास."

मी मामांना हाक मारली. ते आले, बघितलं, टोपी काढली.

"गुरवारी सांजच्याला मांडलं हुतं समदं. मी सतरंज्या झाडून दिल्या न्हव का. म्हणले, मामा, उद्या आठवी बसल हितं."

"पण बुधवारीच मी त्यांना सांगितलं होतं की तास मी घेणार म्हणून."

"ते काय मला ठावं न्हाई," मामा म्हणाले. "त्यास्नी वाटलं आसंल, तुमचा धडा आदी संपल, मग धाडशिला. तासभर दाराकडं बघत हुतं. अडीचची घंटा झाल्यावर मी म्हणलं, सर, उचलू का पुस्तकं? तर घड्याळ खणात ठिवलं नि म्हणलं, राहू दे मामा, आता मी इथं न्हाई."

मी पुन्हा खाली बसले. मामा पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले.

शेवटची ओळ संपली तिथं, दाराजवळ, जिथं वर्ग बसला की बाई उभ्या राहतात, तिथं एक पुस्तक वेगळं होतं. तपकिरी पुठ्ठ्याचं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "मॅडम : पान ३१ पासून." मी एकतिसावं पान उघडलं. तिथं माझं एसटीचं तिकीट होतं, आटपाडी ते सांगली, इतक्या वर्षांनी पुसट झालेलं. मी झोपताना खूण म्हणून घातलं असणार. "संपली" म्हटलं तेव्हा त्यांनी पुस्तक चाळलं होतं ते मला आठवलं.

नववीच्या मुलांना मी मधल्या सुट्टीत बोलावलं. ती आली, आपापली चिठ्ठी शोधू लागली. समर्थ स्वतःची चिठ्ठी वाचून इतका हसला की त्याला ठसका लागला. "सर कवा येणार, मॅडम?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आता नाही येणार." त्यानं पुस्तक दप्तरात घातलं. सगळ्यांनी नेली. ती सात पुस्तकं मात्र सतरंजीवर राहिली. मी ती उचलून कपाटात ठेवली, चिठ्ठ्यांसकट.

माझं पुस्तक मी घरी नेलं. ठरवलं की ते संपवायचं आणि मगच सरांना फोन करायचा. एकदा खोटं "संपली" सांगून झालं होतं, आता खरं सांगायचं होतं. त्याच फोनवर त्या शुक्रवारचंही बोलायचं होतं, पण ते एकटं बोलायला जीभ रेटत नव्हती. पुस्तक संपल्याचं आधी सांगितलं की पुढचं सोपं जाईल असं वाटत होतं. मग घटक चाचण्या आल्या, निवडणुकीची कामं आली, सांगलीला आईचं दुखणं निघालं. रोज दोन पानं, कधी एक, कधी काहीच नाही. एकदोनदा फोन हातात घेतला आणि वाटलं, अजून अर्धवटच आहे, काय सांगायचं?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक पत्र होतं. सरांच्या भावाचं, वाईहून, काही कागदपत्रांसाठी. त्यात मध्येच एका ओळीत होतं की सर श्रावणात वारले. आजार काही मोठा नव्हता, झोपेतच गेले. श्रावण सरून अडीच-तीन महिने झाले होते. शाळेत कोणालाच कळलं नव्हतं, कारण सर आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हते. तिथं फक्त शिक्षक मंडळी असतात, अर्धवेळवाल्यांना घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी बातमी ग्रुपवर टाकली. पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग आली. मीही एक जोडी पाठवली आणि फोन पर्समध्ये टाकला.

तो शुक्रवार होता. आठवीचा ग्रंथालयाचा तास मी आता कोणाला देत नाही. विज्ञानाच्या सरांनी सकाळी विचारलं होतं, "तास घेऊ का?" मी नको म्हटलं होतं, जरा चढ्या आवाजातच. पोरं आली, सतरंजीवर बसली. मी एकेकाला "कुठवर आलास?" विचारत गेले आणि आकडे लिहीत गेले. मग पोरं वाचू लागली, वाचता वाचता कुजबुजू लागली, आणि मी माझं पुस्तक उघडलं.

मी एकशे बाराव्या पानावर होते. बरोबर अर्ध्यावर. वेळेवर फोन केला असता तर त्यांनी "कुठवर आलात?" एवढंच विचारलं असतं, आणि मी सांगितला असता तो आकडा "बरं" म्हणून कुठंतरी लिहून ठेवला असता. अर्धं त्यांना कधी कमी वाटलं नाही. संपवूनच सांगायचं, हा हट्ट माझा होता.